पान काळं का पडत नाही? आयोडीनच्या प्रयोगाचं पावसाळी दुखणं

पाऊस सुरू झाला की गोव्यातल्या शाळांतून एक ठरलेली तक्रार ऐकू येते. जास्वंदीचं पान उकळलं, स्पिरिटमध्ये ठेवून हिरवा रंग काढला, वर आयोडीनचे थेंब टाकले, आणि पान तांबूस-पिवळंच राहिलं. पुस्तकात निळं-काळं पान छापलेलं, मुलं बशीभोवती वाकलेली, आणि टीचर म्हणतायत, "थांबा, होईल थोड्या वेळानं." ते काही होत नाही. मग जर्नलमध्ये "पान निळे-काळे झाले, यावरून पानात स्टार्च आहे हे सिद्ध होते" असं उतरवून तास संपतो. हाच प्रयोग फेब्रुवारीत सहज जमतो, म्हणून पुष्कळजण पावसाळी हवेला दोष देऊन मोकळे होतात. हवेचा दोष थोडा आहेच. पण फसलेल्या प्रयोगांची चौकशी केली की बहुतेक वेळा दोष निघतो घड्याळाचा.

खालचं सगळं शिक्षकांसाठी आहे, तसंच घरी मुलांबरोबर हा प्रयोग करणाऱ्या आईवडिलांसाठीही. ज्या क्रमानं चूक शोधावी त्याच क्रमानं लिहिलंय: आधी बाटली, मग वेळ, मग उजेड, मग झाड. झटपट होणाऱ्या आणि फुकटातल्या तपासण्या पहिल्या.

आधी बाटली

पानाला नावं ठेवण्याआधी आयोडीनमध्ये जीव आहे का ते बघा. घरात पेज असतेच. तिची निवळ चमचाभर बशीत घ्या, पूर्ण थंड होऊ द्या आणि एक थेंब टाका. लगेच निळं-काळं व्हायला हवं. झालं नाही तर बाटली बदला. पुढचं वाचायची गरज नाही. आयोडीन उडून जाणारं आहे. सैल बुचातून ते हळूहळू निघून जातं आणि मागे फिकट पिवळं पाणी उरतं. गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, घट्ट झाकण लावून, कपाटात ठेवलं तर टिकतं.

प्रयोगशाळेचं द्रावण नसेल तर जखमेवर लावायचं पोव्हिडोन-आयोडीन औषधांच्या दुकानात मिळतं, तेही चालतं. त्यात पाच-सहापट पाणी घाला, नाहीतर त्याच्याच गडद तपकिरी रंगाखाली सगळं झाकलं जातं आणि काळं झालं की नाही यावर वर्गात मतदान घ्यावं लागतं. आयोडीनयुक्त मिठाचं पाणी मात्र उपयोगाचं नाही. मिठात आयोडेट असतं, मोकळं आयोडीन नसतं.

पेज काळी होते पण पान होत नाही, अशा वेळी तीन बारीक गोष्टी तपासा.

पान गरम आहे का? स्टार्चच्या रेणूची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते आणि आयोडीन त्या वेटोळ्यांच्या आत जाऊन बसतं, म्हणून निळा रंग दिसतो. गरम केलं की ही बैठक मोडते आणि रंग जातो, थंड झाल्यावर परत येतो. उकळत्या पाण्यातून काढलेल्या पानावर लगेच थेंब टाकणारे इथेच फसतात.

पान स्पिरिटमधून थेट बशीत आलंय का? अल्कोहोलही ती बैठक बसू देत नाही. पान आधी कोमट पाण्यात नीट धुवायला हवं. धुतल्यानं अल्कोहोलमध्ये कडक झालेलं पान मऊही होतं, पसरताना तुटत नाही.

बशीत याआधी काय होतं? त्याच आठवड्यात लिंबाच्या रसातलं क जीवनसत्त्व तपासायचा प्रयोग झाला असेल आणि बशी नुसती पाण्याखाली धरून परत मांडली असेल, तर उरलेला रस आयोडीनचा रंग खाऊन टाकतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा अंश राहिला तरी तेच.

पान किती वाजता तोडलं?

गोव्यातल्या बहुतेक शाळा सकाळी भरतात. प्रॅक्टिकलचा तास पहिला किंवा दुसरा असला की पान साडेआठच्या आत तोडलेलं असतं. जुलैत इथे सव्वासहाच्या सुमारास उजाडतं. म्हणजे त्या पानाला फार तर दोन-सव्वादोन तासांचा उजेड मिळालेला, तोही ढगांतून गाळून आलेला. त्याआधी अकरा तासांची रात्र. त्या रात्रीत पान काय करत होतं, यातच सगळी गोम आहे.

दिवसा काय होतं तिथून सुरुवात करू. पानातलं हरितद्रव्य मुख्यतः निळा आणि लाल प्रकाश शोषतं. हिरवा त्या मानानं कमी शोषला जातो, काही परत फिरतो, म्हणून पान हिरवं दिसतं. शोषलेल्या उजेडाच्या जोरावर हरितलवकातल्या (हरितद्रव्य असलेल्या, पेशीतल्या बारीक हिरव्या कणांतल्या) पातळ पडद्यांवर पाण्याचे रेणू फोडले जातात. त्यातून निघालेला ऑक्सिजन बाहेर जातो आणि ऊर्जा एटीपी व एनएडीपीएच या दोन रेणूंत बांधली जाते. ही दोन्ही साठवून ठेवायची वस्तू नाही. ती तिथल्या तिथे, पडद्यांभोवतीच्या द्रवात, कार्बन डायऑक्साइड पकडून त्यापासून साखर घडवायला खर्च होतात. हा पकडण्याचा मार्ग मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन-१४ च्या मदतीनं उलगडला; त्यासाठी कॅल्विन यांना १९६१ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पकडणारं विकर (एन्झाइम) आहे रुबिस्को. ते एवढं मंद आहे की एक रेणू सेकंदाला तीनेक कार्बन डायऑक्साइड हाताळतो, म्हणून पानाला ते प्रचंड प्रमाणात बनवून ठेवावं लागतं.

तयार होते ती तीन कार्बनची साखर. तिला इथून दोन वाटा असतात. काही हरितलवकाच्या बाहेर पडते, तिचं सुक्रोज होतं, आणि ते शिरांतून मुळांकडे, कळ्यांकडे, कोवळ्या फांद्यांकडे रवाना होतं. जी लगेच जात नाही तिचं हरितलवकातच स्टार्च बनतं. स्टार्च पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे कितीही साठलं तरी पेशीत पाणी ओढलं जात नाही. तात्पुरत्या साठ्याला हे फार सोयीचं.

सूर्य मावळला की मिळकत बंद, खर्च मात्र चालू. मुळं रात्रीही श्वास घेतात, कळ्या रात्रीही वाढतात. मग पान दिवसभरात साठवलेलं स्टार्च मोडायला घेतं, त्याचं माल्टोज आणि ग्लुकोज करून बाहेर काढतं आणि सुक्रोजच्या रूपात पाठवत राहतं. अरॅबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावर याचा बारकाईनं अभ्यास झाला आहे. ते रोप असा हिशेब ठेवतं की साठा जवळजवळ पहाटेलाच संपावा. प्रयोगात दिवा नेहमीपेक्षा लवकर मालवला तर ते स्टार्च मोडण्याचा वेग कमी करतं आणि लांबलेली रात्र तरीही निभावून नेतं. मनगटावर घड्याळ नसलेल्या जिवाला हे कसं कळतं, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. उत्तर पाठ करून देण्यासारखं नाही, पण प्रश्न त्यांच्या डोक्यात राहतो.

तर आयोडीन पानाची मिळकत दाखवत नाही, शिल्लक दाखवतं. पावसाळ्यातल्या सकाळी साडेआठला शिल्लक जवळपास शून्य असते. पान तपकिरी राहिलं म्हणजे प्रकाशसंश्लेषण झालं नाही असा अर्थ काढणं चूक आहे, आणि प्रयोग बिघडला म्हणणंही चूक. पानानं रात्रीचा खर्च केला होता, एवढंच.

उपाय सोपा आहे. पान दुपारी तीन-चारच्या सुमारास तोडा. शाळा तर दीडच्या आसपास सुटते, मग कसं? आदल्या दिवशी दुपारी पान तोडून तिथेच मिनिट-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात धरा. उकळण्यानं पेशी मरतात, स्टार्च मोडणारी विकरं थांबतात, साठा आहे तिथेच गोठतो. मग ते पान झाकणाच्या बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा. रात्रभरात रंगही बराच उतरतो. सकाळी वर्गात फक्त धुवायचं आणि थेंब टाकायचे. तोडलेली पानं पिशवीत भरून रात्रभर घरी ठेवणं याच्या अगदी उलट. तोडलेलं पानही जिवंतच असतं, अंधारात ते आपला साठा खात बसतं.

जमलं तर याच दुखण्याचा प्रयोग करून टाका. एकाच झाडाचं एक पान सकाळी सातला तोडून उकळा, दुसरं दुपारी चारला. दोन्ही शेजारी-शेजारी बशीत ठेवून आयोडीन टाका. पाठ्यपुस्तकातल्या कृतीपेक्षा हे जास्त शिकवतं असं माझं मत आहे, आणि त्यासाठी कुंडी अंधारात कोंडावीही लागत नाही.

उजेड खरंच पुरतोय का?

वेळ बरोबर असूनही रंग फिकट येत असेल तर उजेड मोजा. मोबाइलवर लक्स (उजेड मोजायचं एकक) मोजणारं ॲप असतं. ते फार अचूक नसलं तरी इथे दुप्पट-तिप्पट फरकानं काही बिघडत नाही. मोकळ्या आकाशाखाली भर दुपारचं ऊन साधारण एक लाख लक्स असतं. ढगाळ दिवशी उघड्यावर दहा-वीस हजार. आषाढात आभाळ खरंच काळं होऊन कोसळायला लागतं तेव्हा एक-दोन हजारांवरही येतं. आणि वर्गातल्या खिडकीपासून जरा आत असलेल्या टेबलावर काहीशे. डोळा हा फरक जाणवू देत नाही. बाहुली लहानमोठी होऊन आपली समजूत घालते, आणि "उजेड तर आहे की!" असं आपण म्हणतो.

पानाच्या दृष्टीनं एक उंबरठा महत्त्वाचा. अगदी कमी उजेडात पान जेवढी साखर बनवतं तेवढीच स्वतःच्या श्वसनात खर्च करतं, हाती काही उरत नाही. उन्हात वाढणाऱ्या पुष्कळ झाडांसाठी हा उंबरठा काहीशे ते हजारेक लक्सच्या आसपास येतो. पावसाळ्यात व्हरांड्यातल्या कुंडीवर हाच आकडा दिसतो. तिथे सहा तासांऐवजी सहा दिवस कुंडी ठेवली तरी आयोडीन काही दाखवणार नाही.

ढोबळ हिशेब करून बघा. तळहाताएवढं, ५० चौरस सेंटिमीटरचं निरोगी पान चांगल्या उन्हात सहा तासांत फार तर ५० मिलिग्रॅमच्या आसपास साखर बनवेल. त्यातली बरीचशी बाहेर पाठवली जाते. उरलेल्या वीस-पंचवीस मिलिग्रॅम स्टार्चवर आपला निळा रंग उभा. उजेड दहापट कमी झाला की ही शिल्लक कुठे जाते ते सांगायला नको.

म्हणून कुंडी उघड्यावर ठेवा, छपराखाली नको. पावसासाठी घातलेल्या पारदर्शक पत्र्याखाली चालेल असं वाटतं, पण दोन-तीन पावसाळे पाहिलेल्या पत्र्यावर शेवाळ चढलेलं असतं. त्याखाली ॲप धरून बघा, आकडा बोलेल. उघड्यावरच्या ढगाळ उजेडाची मात्र भीती बाळगू नका. जास्वंदीसारख्या झाडांना पुऱ्या लाख लक्सचा फायदा घेताच येत नाही, त्याच्या निम्म्याच्या आतच त्यांचा वेग मंदावायला लागतो. पंधरा हजार लक्स पूर्ण दिवसभर मिळाले तर दुपारी चारला पान समाधानकारक निळं होतं. पाऊस कुंडीत साचू नये म्हणून मातीवर प्लास्टिक बांधा, पानं मोकळी ठेवा.

आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही अशा काळात दिवा लावावा. वीसेक वॉटचा पांढरा एलईडी दिवा पानापासून वीतभर अंतरावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवला तर पाच-सहा हजार लक्स मिळतात, आणि ते पुरतात. जुना पिवळा तारेचा बल्ब नको. त्याची बहुतेक वीज उष्णतेत जाते आणि वीतभरावरचं पान करपतं.

कुठलं झाड?

दहावीच्या पुस्तकात मनीप्लांट किंवा क्रोटन सांगितलंय, कारण त्यांची पानं दुरंगी असतात आणि हिरव्या भागातच स्टार्च बनतं हे दाखवायचं असतं. कल्पना छान. पण शाळेतला मनीप्लांट ऑफिसच्या कोपऱ्यात बाटलीतल्या पाण्यात वाढलेला असतो. सावलीत जगण्यात तो पटाईत आहे, साठवण्यात नाही. शिवाय पानावर मेणाचा जाड थर. तो वापरायचाच असेल तर बाहेर कुंडीत लावलेला, रोज थोडं ऊन खाणारा घ्या. क्रोटनचे लाल-पिवळे रंग निकालात लुडबुड करतात. कुंपणाला पांढऱ्या कडांची, चट्टेरी पानांची जास्वंद असेल तर तिच्यासारखी सोय नाही.

साधी हिरवी जास्वंद सर्वांत भरवशाची. पान पातळ, रंग लवकर सुटतो, स्टार्च भरपूर. पान पूर्ण वाढलेलं पण कोवळेपणा नुकताच गेलेलं निवडा. अगदी कोवळी पानं कमावण्यापेक्षा मागवतात जास्त.

मुलं उत्साहानं आणतात ती पानं कुठं फसतात, तेही बघू. बांधावरून शेतातल्या भाताचं पातं उपटून आणलं जातं, कारण तांदूळ म्हणजे स्टार्च. पण भात पानातली कमाई मुख्यतः सुक्रोजच्या रूपात ठेवतं, स्टार्चचा साठा दाण्यात होतो. पातं तपकिरी राहिलं तर ते योग्यच. कांद्याच्या पातीत तर स्टार्च जवळपास नसतंच, कांदा वेगळ्या प्रकारच्या साखरेत साठा करतो. काजूचं पान चिवट आणि मेणचट, स्पिरिट आत शिरायला वेळ घेतं. नारळ, सुपारी यांचं नाव काढू नका. मक्याचं पान घेतलंत तर निळा रंग पट्ट्यापट्ट्यांनी येईल, कारण मका स्टार्च शिरांना वेढणाऱ्या पेशींमध्ये ठेवतो. हा दोष नाही, उलट भिंगाखाली बघण्यासारखी गोष्ट आहे.

तांबडी भाजी मात्र आवर्जून घ्या. "हिच्यात हिरवं कुठाय? मग ही अन्न कशी बनवते?" हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. पान उकळत्या पाण्यात टाका. लाल रंग पाण्यात उतरतो (घरात रोज भाजी करताना हेच दिसतं) आणि खाली लपलेलं हिरवं वर येतं. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, त्याला स्पिरिटच लागतं. दोन रंग दोन वेगळ्या पातेल्यांत उतरलेले पाहिले की वेगळी व्याख्या द्यावी लागत नाही.

रंग उतरत नाही

हिरवं पान स्पिरिटमध्ये दहा मिनिटं उकळूनही हिरवंच राहिलं तर स्पिरिटमध्ये पाणी जास्त आहे, किंवा पान आधी नीट उकळलेलं नाही. ९५ टक्क्यांचं रेक्टिफाइड स्पिरिट उत्तम. अर्धवट हिरव्या पानावर निळा रंग आला तरी ओळखू येत नाही, म्हणून एकदा स्पिरिट बदलून दुसऱ्यांदा ठेवावं.

आता गोव्यात हमखास निघणारा प्रश्न: फेणी चालेल का? नाही. फेणीत अल्कोहोल साधारण ४२-४३ टक्के, बाकी बहुतेक पाणी. हरितद्रव्य त्यात नीट विरघळत नाही, पान मळकट हिरवं राहतं. हुर्राक तर त्याहून कितीतरी सौम्य, आणि जुलैत तो मिळणार कुठून! हात निर्जंतुक करायच्या जेलनंही चिकट पसारा होण्यापलीकडे काही साधत नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. स्पिरिट थेट ज्योतीवर कधीही तापवू नये. ते ७८ अंशांनाच उकळतं आणि त्याची वाफ टेबलावरून सरपटत जाऊन पेट घेते. आधी पाणी उकळा, गॅस किंवा बर्नर बंद करा, मग स्पिरिट आणि पान असलेली परीक्षानळी त्या गरम पाण्यात उभी करा. वीस मिनिटांत काम होतं. पाणी थंड झालं तर ज्योत पेटवण्याआधी नळी लांब न्या आणि नंतर परत ठेवा. पावसामुळे खिडक्या बंद असतात, तेव्हा निदान एक तरी उघडायला लावा. रंगीत मेथिलेटेड स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असतं. मुलांच्या प्रयोगात ते नकोच.

उलटी तक्रार: झाकलेला भागही काळा

स्टार्चसाठी उजेड लागतो हे दाखवायच्या प्रयोगात पानावर काळ्या कागदाची पट्टी लावलेला भाग फिका राहायला हवा, पण सगळंच पान निळं झालं. इथे जुनी शिल्लक संपवायची राहून गेली. पट्टी लावायच्या आधी कुंडी पुऱ्या अंधारात ठेवायची असते. पुस्तक तीन दिवस सांगतं. निरोगी जास्वंदीला दोन दिवस बहुधा पुरतात. दाराखालच्या फटीतून उजेड येणारी स्टोअर रूम म्हणजे अंधार नव्हे. कुंडीवर मोठा खोका उपडा ठेवा. अंधार संपल्यावर एक पान तोडून आयोडीननं तपासा, ते तपकिरी आलं तरच पुढे जा. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात.

पावसाळ्यात काळा कागद भिजून लोळागोळा होतो आणि कडेनं उजेड आत येतो. ॲल्युमिनियम फॉइल घ्या, दोन्ही बाजूंनी लावा, क्लिपनं धरा. पण एखादी चौकस मुलगी विचारेल: "टीचर, पट्टीनं उजेड अडला तसा वाराही अडला ना?" बरोबर आहे तिचं. जास्वंदीची पर्णरंध्रं (हवा आत-बाहेर जायची बारीक भोकं) बहुतेक खालच्या बाजूला असतात आणि फॉइलनं तीही झाकली जातात. म्हणून दुसऱ्या पानावर तशीच पट्टी पारदर्शक प्लास्टिकची लावा. प्लास्टिकखाली निळं आलं आणि फॉइलखाली नाही, तर अडवणूक उजेडाची होती हे ठरतं. प्लास्टिकखालीही फिकं आलं तर पट्टी फार घट्ट आहे. मध्ये थोडी पोकळी राहील अशी लावा. झाकलेल्या भागात स्टार्च येत नाही हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस झाक्स यांनी १८६० च्या दशकात आयोडीन वापरूनच दाखवलं होतं, तेव्हा प्रयोग जुना आणि कसाला उतरलेला आहे. बिघडतो तो तपशिलात.

कार्बन डायऑक्साइड काढून घेतला, तरी पान निळं

मोलचा अर्धपर्ण प्रयोग (पानाचा अर्धा भाग बाटलीत कोंडायचा) असो की काचेच्या हंडीखालची दोन रोपं, कार्बन डायऑक्साइड शोषणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड ठेवूनही पान निळं येण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, आपली दमट हवा. या रसायनाचे तुकडे हवेतलं पाणी ओढतात. जुलैत बरणी नीट बंद नसली की त्यांचं पाणी-पाणी होतं, आणि हवेतलाच कार्बन डायऑक्साइड खाऊन ते आधीच निकामी झालेलं असतं. नव्या बरणीतलं वापरा, हातमोजे घालून. दुसरं, हंडीच्या कडेला व्हॅसलीन नीट बसलेलं नसतं. तिसरं, कुंडीतली माती. तिच्यातले जीवजंतू आणि मुळं सतत कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून कुंडीचा वरचा भाग प्लास्टिकनं बांधायला हवा.

चौथं कारण गमतीचं. रोप पानफुटीचं असतं. कुंडीत सहज वाढतं, हंडीखाली मावतं, म्हणून कुणीतरी तेच निवडतं. पण पानफुटी आणि अननस या मंडळींची रीत वेगळी. ती रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं लावून तोच वापरतात. तुम्ही हंडी सकाळी ठेवलीत तेव्हा आत शिधा भरलेला होता. पहाटेचं पानफुटीचं पान लिटमस कागदावर चिरडून बघा, संध्याकाळच्या पानापेक्षा ते स्पष्ट आंबट निघेल.

झाडच आजारी असेल तर

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक चार महिन्यांतच. कुंडीचं भोक बुजलेलं असलं की मुळं पाण्यात गुदमरतात, पर्णरंध्रं मिटतात, पानं पिवळी पडतात. शिवाय चिऱ्याच्या तांबड्या मातीतून नत्र आणि मॅग्नेशियम धुऊन जातं, आणि हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू लागतो. जुनी पानं शिरांच्या मधोमध पिवळी दिसत असतील तर त्या झाडावर प्रयोग करू नका. भोक मोकळं करा, कुंडी विटांवर उचलून ठेवा, थोडं शेणखत घाला आणि यंदापुरती शेजारच्या घरची जास्वंद मागून घ्या.

जुलै-ऑगस्टसाठी वेळापत्रक

प्रॅक्टिकल मंगळवारी सकाळी आहे असं धरू. शनिवारी शाळा सुटताना कुंडीवर खोका उपडा घाला. सोमवारी सकाळी, पहिल्या घंटेच्या आधी, एक पान तपासून शिल्लक संपल्याची खात्री करा. मग फॉइल आणि प्लास्टिकच्या पट्ट्या लावून कुंडी उघड्यावर ठेवा, आभाळ भरलेलं असेल तर दिव्याखाली. दहा वाजता आणि बारा वाजता लक्सचा आकडा लिहून घ्या. दोन्ही वेळा तो दोन-तीन हजारांच्या खाली असेल तर प्रॅक्टिकल एक दिवस पुढे ढकला, उगाच स्पिरिट वाया घालवू नका. दुपारी तीन-चारला, शाळेजवळ राहणाऱ्या कुणाला तरी सांगून, पानं तोडून तिथल्या तिथे उकळायची. कुठलं पान कुठल्या पट्टीचं ते देठाला दोरा बांधून ओळखा. रंग उतरल्यावर सगळी सारखीच दिसतात. रात्रभर स्पिरिटच्या बाटलीत. मंगळवारी वर्गात कोमट पाण्यात धुणं, गार करणं, पांढऱ्या बशीत पसरणं आणि आयोडीन. शेजारी दुसऱ्या बशीत गार पेजेचं निवळ ठेवा, म्हणजे बाटलीवर कुणाला संशय घ्यायला जागा राहणार नाही.